पॅकेट पोचतात, मेसेज पोचत नाही: मधूनच अडकणाऱ्या रिसीव्ह बफरचा शोध

तक्रार साधारण अशी असते. प्रोटोकॉल हाताळणारा प्रोग्रॅम लोकलहोस्टवर दिवसभर सुरळीत चालतो. खऱ्या नेटवर्कवर नेला की कधी ‘चुकीचा हेडर’ म्हणून कनेक्शन तोडतो, कधी अवाक्षर न काढता अडकून बसतो, तर कधी त्याची मेमरी फुगत जाते आणि ऑपरेटिंग सिस्टीम त्याला मारून टाकते. रीस्टार्ट केला की बरा होतो. लोड वाढला की पुन्हा तेच. मग कोणीतरी रिसीव्ह बफर (आलेले बाइट तात्पुरते साठवायची जागा) ४ केबीवरून ६४ केबी करतं, तक्रारी थांबतात, तिकीट बंद होतं, आणि मोठे मेसेज यायला लागले की तेच तिकीट पुन्हा उघडतं.

बफर वाढवल्यावर त्रास कमी झाला, तर तो पुरावा म्हणून जपून ठेवा. दोष आकारात असता तर तो कायमचा गेला असता. तो लांबणीवर पडला, याचा अर्थ कोडमध्ये काहीतरी ठरवायचं राहून गेलंय: अर्धवट आलेले बाइट कुठे थांबतील, बफर भरला तर कोण थांबेल, आणि समोरच्याने कनेक्शन बंद केलं तर उरलेल्याचं काय करायचं. या प्रकारातले बहुतेक बग याच तीन जागी सापडतात.

आधी डेटा कुठे अडकलाय ते पाहा

येणारा बाइट किमान तीन ठिकाणी थांबू शकतो: कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या) सॉकेट बफरमध्ये, तुमच्या प्रोग्रॅमच्या रिसीव्ह बफरमध्ये, आणि पार्स झालेल्या मेसेजच्या क्यूमध्ये. टीएलएस (डेटा सांकेतिक करून पाठवणारा थर) असेल तर चौथी जागा लायब्ररीच्या पोटात असते आणि ती सगळ्यात जास्त फसवते. तिच्याकडे नंतर येऊ.

लिनक्सवर सॉकेटची स्थिती दाखवणारी एसएस (ss) कमांड चालवा आणि त्या कनेक्शनच्या ओळीतला रिसीव्ह-क्यूचा आकडा बघा. जोडल्या गेलेल्या कनेक्शनसाठी हा आकडा म्हणजे कर्नलकडे आलेले, पण प्रोग्रॅमने अजून उचललेले नाहीत असे बाइट. (ऐकत बसलेल्या सॉकेटच्या ओळीत त्याच रकान्याचा अर्थ वेगळा असतो. तिथे ती स्वीकारायची राहिलेली कनेक्शनं असतात. दोन्हींची गल्लत करू नका.) आकडा बराच वेळ शून्याच्या वर तसाच उभा असेल, तर नेटवर्कने त्याचं काम केलंय आणि तुमचा प्रोग्रॅम वाचत नाहीये. आकडा शून्य असूनही मेसेज पुढे जात नसेल, तर पॅकेट कॅप्चर (नेटवर्कवरून आल्या-गेल्या पॅकेटची नोंद) बघा. त्यात बाइट आलेले दिसत असतील तर ते तुमच्याच घरात आहेत.

प्रोग्रॅम वाचायचा थांबला की कर्नलचा बफर भरतो आणि टीसीपी समोरच्याला शून्य विंडो, म्हणजे ‘आता आणखी जागा नाही’, असं कळवतं. वायरशार्कमध्ये ते ‘झीरो विंडो’ म्हणून ठळक दिसतं. मजा अशी की कनेक्शन यानंतरही मरत नाही. पाठवणारा अधूनमधून चाचणीचं पॅकेट सोडतो, तुमचं कर्नल त्याला इमानदारीत उत्तर देतं, आणि हे कितीही वेळ चालू शकतं. म्हणूनच ‘अडकलंय पण टाइमआउटही होत नाही’ अशी तक्रार येते.

या टप्प्यावर सॉकेटचा रिसीव्ह बफर सेटिंगमधून वाढवणं म्हणजे रोग म्हशीला आणि इलाज पखालीला. शिवाय लिनक्सवर तो आकडा हाताने ठरवला की कर्नल तो दुप्पट करून ठेवतं आणि त्या सॉकेटसाठी बफरचा आकार आपोआप जुळवून घेणं बंद करतं. लांबच्या, वेगवान लिंकवर याने वेग उलट कमी होऊ शकतो.

तिसरं हत्यार एसट्रेस, म्हणजे प्रोग्रॅम कर्नलला करत असलेले कॉल दाखवणारं साधन. रिसीव्ह कॉल होतोय का, आणि होत असेल तर किती लांबीची मागणी करून, हे बघा. मागितलेल्या लांबीकडे लोक सहसा बघत नाहीत. सगळे परत आलेला आकडा वाचतात. पण एक नामी बग त्या लांबीतच लपलेला असतो.

एक रीड म्हणजे एक मेसेज असं धरलेलं असतं

टीसीपी बाइटचा प्रवाह देतं, मेसेजच्या सीमा देत नाही. पाठवणाऱ्याने तीनदा लिहिलेलं एका रीडमध्ये येऊ शकतं, आणि एकदा लिहिलेलं पाच तुकड्यांत. हे सगळ्यांना पाठ असतं. तरीही कोड मात्र ‘रीड केलं, पार्स केलं’ असाच लिहिला जातो, कारण लोकलहोस्टवर तो चालतो. लिनक्सच्या लूपबॅकचा, म्हणजे लोकलहोस्टच्या वाटेचा, एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी) ६५५३६ बाइटचा असतो, तर इथरनेटचा १५००. त्यातून आयपी आणि टीसीपीचे हेडर वजा केले की डेटाला १४६० बाइट उरतात, टाइमस्टॅम्प चालू असतील तर १४४८. ३००० बाइटचा मेसेज लूपबॅकवर एका घासात येतो आणि बाहेर पडला की त्याचे किमान तीन तुकडे होतात. बग पहिल्या दिवसापासून होता, लूपबॅकने तो झाकून ठेवला होता.

यावर नेगल बंद करण्याचा सल्ला हमखास मिळतो. जॉन नेगल यांनी १९८४ मध्ये आरएफसी ८९६ मध्ये मांडलेली ती पद्धत छोटे छोटे तुकडे एकत्र करून पाठवते. ती बंद केल्याने तुकडे लवकर निघतात, एवढंच. सीमा त्याने टिकत नाहीत. वाटेत पॅकेट हरवून पुन्हा पाठवलं गेलं किंवा तुमचा थ्रेड जरा उशिरा जागा झाला, की सगळं पुन्हा एकत्र येतं.

दुरुस्ती ठरलेली आहे. नवे बाइट बफरच्या शेवटाला जोडायचे, मग बफरमध्ये पूर्ण फ्रेम (हेडरसकट एक अख्खा मेसेज) आहे तोवर एकेक काढत राहायचं, आणि उरलेलं पुढच्या रीडसाठी जागेवर ठेवायचं. यातल्या ‘आहे तोवर’ला फार महत्त्व आहे. एका रीडमागे एकच फ्रेम काढणारा कोड लिहिला, तर दुसरी फ्रेम पुढचं पॅकेट येईपर्यंत बफरमध्ये पडून राहते. याचं लक्षण अगदी ओळखू येण्यासारखं आहे: उत्तरं येतात पण एकने मागे. तिसऱ्या विनंतीनंतर दुसरीचं उत्तर मिळतं. अशी तक्रार आली तर बाकी काही न बघता थेट तो लूप उघडा.

उरलेले बाइट गमावण्याचा जावामधला नेहमीचा मार्ग म्हणजे बाइटबफरवर कॉम्पॅक्टऐवजी क्लिअर बोलावणं. क्लिअर डेटा पुसत नाही, फक्त खुणा मूळ जागी नेतं, आणि पुढचा रीड उरलेल्या बाइटवरून लिहून जातो. तुकडे फ्रेमच्या सीमेवरच पडत असतील तर काही बिघडत नाही. म्हणून हा बग महिनोन्महिने दिसत नाही. सीमध्ये हेच काम हाताने करताना उरलेला भाग बफरच्या सुरुवातीला सरकवायला मेममूव्ह वापरा. दोन्ही जागा एकमेकींवर येतात, आणि मेमकॉपी तिथे काय करेल याची हमी नसते.

मजकूर असलेल्या प्रोटोकॉलमध्ये आणखी दोन गोष्टी. पहिली, यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. आलेला तुकडा लगेच स्ट्रिंगमध्ये बदलला तर काप नेमका अक्षराच्या मधे पडतो आणि मजकुरात चौकटी किंवा प्रश्नचिन्हं उगवतात. इंग्रजी मजकुरावर चाचणी केलेली असेल तर हे कधीच दिसणार नाही. आधी फ्रेम पूर्ण करा, मग डिकोड करा. दुसरी, ओळीचा शेवट शोधताना प्रत्येक वेळी बफरच्या सुरुवातीपासून शोधू नका. थेंबथेंब पाठवणाऱ्या क्लायंटसमोर ते काम वर्गाच्या पटीत वाढतं. कुठपर्यंत शोधलं ते लक्षात ठेवा, पण पुढच्या वेळी ओळ संपल्याच्या खुणेच्या लांबीपेक्षा एक कमी इतके बाइट मागे येऊन सुरू करा. नाहीतर दोन तुकड्यांत विभागलेली खूण कधीच सापडत नाही.

बफर भरला, आता पुढे?

खरे छळणारे बग इथे आहेत.

आधी तो लांबीचा. बफरमध्ये जागा उरली नाही, तरी कोड रिसीव्हला बोलावतो आणि ‘उरलेली जागा’ म्हणून शून्य देतो. शून्य बाइट मागितले, शून्य बाइट मिळाले. पण शून्याचा दुसरा अर्थ ‘समोरच्याने कनेक्शन बंद केलं’ असा आहे, आणि कोड तोच घेतो. लॉगमध्ये ‘क्लायंटने कनेक्शन बंद केलं’ असं येतं, क्लायंटवाले शपथेवर सांगतात की आम्ही केलं नाही, आणि दोन टीममध्ये जुंपते. निवाडा करायला पॅकेट कॅप्चर पुरेसं आहे: समोरून फिन (कनेक्शन बंद करत असल्याची टीसीपीची खूण) आलेलंच नसतं. रीड करण्याआधी जागा तपासा, जागा नसेल तर रीडकडे जाऊच नका.

मग प्रश्न येतो, जागा होणार कशी? फ्रेम बफरपेक्षा मोठी असेल तर पार्सर आणखी बाइटची वाट बघतो आणि रीडर जागेची. एकाच थ्रेडमध्ये, कसलंही लॉक नसताना झालेला हा डेडलॉक आहे. म्हणून फ्रेमची कमाल लांबी प्रोटोकॉलमध्येच ठरलेली असली पाहिजे आणि बफर किमान तेवढा, हेडर धरून, असला पाहिजे. त्याहून मोठी फ्रेम आली तर स्पष्ट एरर देऊन कनेक्शन बंद करायचं. तयार लायब्ररींनी अशी मर्यादा आधीच घातलेली असते आणि ती आपल्याला माहीत नसते: गो भाषेतला बफिओचा स्कॅनर मुळात ६४ केबीपर्यंतचीच ओळ घेतो, पायथॉनच्या असिंकआयओमधल्या स्ट्रीमरीडरची मूळ मर्यादाही ६४ केबीच. ‘अमुक आकारानंतरच बिघडतं’ अशी तक्रार आली आणि तो आकार ६५५३६ च्या आसपास असला, तर आधी तिथे बघा.

लांबीचा आकडा हेडरमधून वाचला की मेमरी मागण्याआधी तो तपासा. चार बाइटच्या बिनचिन्ह आकड्यात ४२९४९६७२९५ पर्यंत काहीही येऊ शकतं. विचित्र मोठा आकडा दिसला तर त्याच्याकडे निरखून बघा, तो बरंच बोलतो. १६ च्या जागी २६८४३५४५६ आलं, तर बाइटचा क्रम उलटा वाचला जातोय. ११९५७२५८५६ आलं, तर कोणीतरी तुमच्या पोर्टवर एचटीटीपीची गेट विनंती पाठवली आहे. ती तीन अक्षरं आणि त्यामागची मोकळी जागा मिळून बरोब्बर हाच आकडा होतो. आणि आकडा वाजवी वाटला तरी प्रत्यक्षात तेवढे बाइट आलेत का, हे बघितल्याशिवाय त्याच्यावर काही करू नका. २०१४ मध्ये उघडकीला आलेला ओपनएसएसएल या टीएलएस लायब्ररीतला हार्टब्लीड नावाचा दोष हाच होता: समोरच्याने सांगितलेली लांबी खरी धरून शेजारची मेमरी परत पाठवली जात होती.

आता ईपोल, म्हणजे कोणत्या सॉकेटवर वाचायला काही आलंय हे लिनक्सकडून कळण्याची सोय. एज-ट्रिगर्ड पद्धतीत नवीन काही आलं तरच सूचना मिळते. बफर भरला म्हणून तुम्ही मधेच वाचायचं थांबलात, तर कर्नलमध्ये पडलेल्या जुन्या बाइटसाठी पुन्हा कोणी हाक मारणार नाही. समोरचा उत्तराची वाट बघत गप्प बसला असेल, तर नवीन बाइटही येणार नाहीत. दोघे वाट बघत राहतात. म्हणून कन्झ्युमरने (मेसेजवर काम करणाऱ्या भागाने) जागा मोकळी केली की सूचनेची वाट न बघता स्वतःहून पुन्हा वाचा, आणि ईअगेन (‘सध्या वाचायला काही नाही’ असं उत्तर) मिळेपर्यंत वाचत राहा. लेव्हल-ट्रिगर्ड पद्धतीत उलटा त्रास होतो: बफर भरलाय, वाचत नाही, पण सूचना येतच राहते आणि एक कोअर शंभर टक्क्यांवर जाऊन बसतो. तिथे भरलेल्या अवस्थेत त्या सॉकेटवरची वाचनाची नोंद काढून टाका आणि बफर बराचसा रिकामा झाल्यावर परत घाला. थांबायची पातळी आणि सुरू करायची पातळी यांत अंतर ठेवा. दोन्ही एकच ठेवल्या तर प्रत्येक मेसेजमागे चालू-बंद होत राहतं.

एज की लेव्हल असं कोणी विचारलं तर मी लेव्हल सुचवतो. एज-ट्रिगर्डची चूक मूक असते, लेव्हलची चूक सीपीयूच्या आलेखावर ओरडते.

आणि ती चौथी जागा. टीएलएसचं एक रेकॉर्ड १६३८४ बाइटपर्यंत मजकूर नेऊ शकतं. लायब्ररी ते अख्खं रेकॉर्ड सॉकेटवरून उचलून उलगडते. तुम्ही ४०९६ मागितले, तेवढे मिळाले, बाकीचे लायब्ररीकडे. सॉकेट मात्र आता रिकामा आहे, त्यामुळे पोल म्हणतो वाचायला काही नाही. एसएसमध्ये रिसीव्ह-क्यू शून्य, कॅप्चरमध्ये बाइट पोचलेले, आणि मेसेज अर्धा. टीएलएस बंद केल्यावर अडकणं थांबत असेल तर बहुधा हेच आहे. सॉकेटला विचारण्याआधी लायब्ररीला विचारा, आणि ती स्वतः ‘आता सॉकेटवरून आणखी हवं’ असं म्हणेपर्यंत वाचत राहा.

प्रोड्युसर आणि कन्झ्युमर यांच्यामधली क्यू

रीडर (प्रोड्युसर) वेगळा आणि मेसेजवर काम करणारा (कन्झ्युमर) वेगळा थ्रेड असेल, तर मधे क्यू येते. मेमरी फुगण्याचं कारण बहुतेक वेळा तिची मूळ सेटिंग असते. पायथॉनची क्यू आकार न देता बनवली तर तिला मर्यादाच नसते. जावाच्या लिंक्डब्लॉकिंगक्यूची मूळ क्षमता २१४७४८३६४७ आहे, म्हणजे व्यवहारात तीही अमर्याद. कन्झ्युमर जरासा मंद पडला की रीडर उत्साहाने बाइट उचलून क्यूमध्ये भरत राहतो. टीसीपीची विंडो कधी मिटत नाही, समोरच्याला वाटतं सगळं आलबेल आहे.

मेमरी पुरली तरी नुकसान होतं. क्यूमध्ये १०,००० मेसेज आहेत आणि सेकंदाला ५०० बाहेर पडतात, तर नव्याने आलेल्याला २० सेकंद थांबावं लागणार. क्लायंटचा टाइमआउट ५ सेकंदांचा असेल तर कन्झ्युमर सगळा वेळ मेलेल्या विनंत्यांवर राबतोय. त्यात क्लायंट पुन्हा विनंती पाठवतो आणि रांग वाढतच जाते. क्यूला मर्यादा घाला, आणि ती मेसेजच्या संख्येत न घालता बाइटमध्ये घाला. शंभर छोटे मेसेज आणि शंभर एक-एक एमबीचे मेसेज यांना एकच माप लावता येत नाही.

क्यू भरली की टीसीपीवर करायची गोष्ट सोपी आहे: वाचणं थांबवा. विंडो आपोआप मिटेल आणि दाब पाठवणाऱ्यापर्यंत पोचेल. ते शून्य विंडोचं पॅकेट, जे मघाशी आजाराचं लक्षण होतं, ते इथे तब्येत ठीक असल्याचं लक्षण आहे. फरक एवढाच की ती विंडो थोड्या वेळात उघडली पाहिजे. यूडीपीत (सुटे डेटाग्रॅम पाठवणाऱ्या प्रोटोकॉलमध्ये) ही सोय नाही. तिथे टाकून द्यावंच लागतं, म्हणून काय टाकलं ते मोजा. यूडीपीत रीडला दिलेली जागा डेटाग्रॅमपेक्षा लहान असेल तर उरलेला भाग गुपचूप फेकला जातो, पुढच्या रीडमध्ये येत नाही, हेही ध्यानात असू द्या.

एकाच कनेक्शनवर अनेक प्रवाह चालत असतील तर वाचणं थांबवणं महागात पडतं, कारण एका मंद कन्झ्युमरपायी बाकी सगळे उपाशी राहतात. एचटीटीपी-२ मध्ये म्हणूनच प्रत्येक प्रवाहाला स्वतःची विंडो आहे, सुरुवातीला ६५५३५ बाइटची. इथली नेहमीची गडबड म्हणजे विंडो वाढवणारी फ्रेम बाइट आल्या आल्या पाठवली जाते. ती कन्झ्युमरने बाइट वापरल्यावर पाठवायची असते. आधी पाठवली तर नियंत्रण फक्त नावाला राहतं.

क्यू स्वतः लिहिली असेल तर दोन जागा तपासा. कंडिशन व्हेरिएबलवरची (थ्रेडला झोपवून नंतर उठवणाऱ्या सोयीवरची) वाट ‘इफ’मध्ये आहे की ‘व्हाइल’मध्ये? थ्रेड विनाकारणही जागा होऊ शकतो, किंवा तो जागा होईपर्यंत दुसऱ्याने मेसेज पळवलेला असू शकतो. ‘इफ’ असेल तर तो रिकाम्या क्यूमधून काढायला जाईल. आणि प्रोड्युसर व कन्झ्युमर दोघेही एकाच व्हेरिएबलवर झोपत असतील, तर एकाला उठवणारा सिग्नल चुकीच्या माणसाला उठवू शकतो. तो परत झोपतो आणि ज्याला उठायला हवं होतं तो कायमचा झोपलेला. ‘भरलेली नाही’ आणि ‘रिकामी नाही’ यांना वेगवेगळे व्हेरिएबल द्या.

एका मेसेजमध्ये दुसऱ्या मेसेजचा मजकूर दिसला, तोही फक्त लोड असताना, तर मालकीचा घोळ आहे. रीडरने कॉपी टाळायला बफरमधल्या भागाचा नुसता पत्ता क्यूमध्ये टाकला, आणि कन्झ्युमर तिथे पोचायच्या आत त्याच जागी नवे बाइट लिहिले. आधी कॉपी करा. कॉपी खरोखर महाग पडते असं मोजून दिसलं तरच संदर्भ मोजण्याच्या (रेफरन्स काउंटिंगच्या) भानगडीत पडा. रिंग बफरबद्दलही (टोक आलं की पुन्हा सुरुवातीपासून लिहिणाऱ्या बफरबद्दलही) माझं हेच मत. कच्च्या बाइटसाठी तो छान आहे, पण फ्रेम टोकाला येऊन दोन भागांत तुटली की पार्सर गुंतागुंतीचा होतो. उरलेलं सुरुवातीला सरकवणारा साधा सरळ बफर बहुतेक प्रोटोकॉलना पुरतो.

शेवटचा मेसेज हरवत असेल तर बंद करण्याचा क्रम बघा. रीडरला खरा शून्य मिळाला की तो क्यू लगेच मोडतो आणि आत थांबलेले मेसेज जातात. ‘संपलं’ ही खूण मेसेजसारखीच क्यूच्या शेवटी टाका, कन्झ्युमर तिच्यापर्यंत पोचला की मग आवरा. आणि बंद होताना बफरमध्ये अर्धी फ्रेम उरली असेल तर ती एरर म्हणून नोंदवा.

परत येऊ नये म्हणून

लूपबॅकवर भरवसा ठेवून चालणार नाही, तेव्हा तुकडे स्वतःच पाडा. नोंदवून ठेवलेला प्रवाह पार्सरला एकेक बाइट करून भरवा, मग प्रत्येक संभाव्य जागी दोन तुकडे करून भरवा, मग सगळा एकदम. तिन्ही वेळा निघालेले मेसेज तंतोतंत सारखे असले पाहिजेत. या चाचणीला नेटवर्क लागत नाही, म्हणून ती प्रत्येक बदलानंतर चालवता येते. मग चाचणीतला बफर कमाल फ्रेमएवढाच ठेवा, क्यू एका मेसेजची करा आणि कन्झ्युमरला मुद्दाम झोपवा. उदार बफरमध्ये जे महिन्यातून एकदा घडतं ते इथे पहिल्या मिनिटात घडतं.

चालू सिस्टीमवर तीन गोष्टी मोजत राहा: क्यूमधल्या सगळ्यात जुन्या मेसेजचं वय, क्यूमधले एकूण बाइट, आणि वाचणं किती वेळा व किती वेळ थांबवलं. रिसीव्ह-क्यू चढलेली असताना थांबण्याची वेळही वाढत असेल, तर बफरचा कोड नीट काम करतोय आणि मंदपणा कन्झ्युमरच्या पुढे कुठेतरी आहे. रिसीव्ह-क्यू चढलेली आहे, मेसेजची क्यू रिकामी आहे आणि थांबण्याची एकही नोंद नाही, असं दिसलं तर रीडर अडकलाय. मग ईपोलच्या परिच्छेदापासून पुन्हा सुरू करा.